डावीकडची खालची लिंक

नयन डंभारेच्या पोटात पहिली कळ उठली ती कूलरमुळे. हसू नका. मे महिना, घाटंजीचं ऊन, सासऱ्याच्या बैठकीत एकच कूलर आणि त्याचं तोंड नेमकं धाकट्या जावयाकडे. अशा वेळी मोठ्या जावयाच्या जिवाचं काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा.

यंदा धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला होता. तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांचा मान. विठ्ठलराव आणि विमलताईंनी दोन्ही जावयांना एकाच रविवारी जेवायला बोलावलं होतं. थोरली लेक प्रेरणा, तिचा नवरा नयन. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी गेटं, ट्रकच्या बॉड्या. माणूस कामाचा, पण तिरसट. हाताखाली कोणी टिकत नाही म्हणून सगळं एकट्यानंच ओढायचा. धाकटी लेक खुशी, तिचा नवरा अमर. त्याचं उमरखेडला टायरचं दुकान, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात पांढरे बूट आणि दारात एक उघडी जीप. ती जीप घेऊन तो दगडधोंड्यांत चढाईच्या शर्यती खेळायचा, त्यांचे व्हिडिओ काढायचा, आणि ते व्हिडिओ नयनची बायको नयनसमोरच बसून पाहायची.

मानपानात विमलताईंनी तिळाएवढाही फरक केला नव्हता. दोघांनाही तेहतीस-तेहतीस अनारसे, दोघांनाही सारखंच चांदीचं निरांजन. नयननं नजर चोरून अमरच्या ताटातले अनारसे मोजले. तेहतीसच निघाले. याचं त्याला उलट वाईटच वाटलं; चौतिसावा सापडला असता तर जळायला निदान हक्काचं कारण मिळालं असतं.

जेवताना सगळं बोलणं अमरच्या जीपचंच. “पंधरा दिवसांनी शर्यत हाये मामाजी, नयनभाऊच्या पांढरकवड्याजवळच, थ्या बंद पडलेल्या गिट्टीखदानीत. पन गाडीच्या लिंका गेल्या ना. नागपूरहून बनवून आनल्या होत्या, पहिल्याच दगडावर काकडीवानी वाकल्या.”

लिंक म्हणजे काय ते सांगून टाकतो. अमरनं जीपच्या मागच्या चाकांचे पोलादी पट्ट्यांचे पाटे काढून तिथे स्प्रिंगा बसवल्या होत्या. स्प्रिंग नुसतं ओझं झेलते. चाकांचा ॲक्सल जागेवर धरून ठेवायला चेसिसपासून ॲक्सलपर्यंत चार लोखंडी दांडे लागतात, दोन खाली, दोन वर. त्या दांड्यांना लिंका म्हणायचं. त्या वाकल्या की चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे.

विठ्ठलराव मान डोलावत ऐकत होते. एके काळी त्यांच्या बैलजोड्या शंकरपटात धुरळा उडवत पळायच्या. आता बैल गेले, गुडघेही गेले, पण जिभेवर अजून पटाचीच भाषा. त्यांनी ताक संपवलं, मिशी पुसली, कूलरच्या दिशेनं पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “काय सांगू बाप्पा तुमाले, आमचे जावई म्हंजे बिनजोड हायेत!”

सगळे हसले. अमरनं कॉलर नीट केली. आणि नयनच्या घशात अनारसा अडकला.

कारण हा शब्द नयनच्या धंद्यातला. पाईप दोन जातींचे असतात. एक, पत्रा गोल वळवून त्याच्या दोन कडा वेल्डिंगनं जोडलेला. बाहेरून तो जोड तासून टाकतात, दिसत नाही. पण आत बोट घातलं की बारीक कड हाताला लागते. दुसरा, अख्ख्या लोखंडातून पोकळ काढलेला, ज्याला कुठे जोडच नाही. शिकलेले त्याला सीमलेस म्हणतात, ट्रकवाले शिमलेस म्हणतात, आणि नयन ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकला तो म्हणायचा बिनजोड. नयनच्या लेखी त्याच्यापुढे लोखंड नाही. वीस वर्षं लोखंडात हात काळे केले, बोटं भाजली, डोळे सुजवून घेतले, तरी सासऱ्यानं त्याला कधी साधं चांगलंसुद्धा म्हटलं नव्हतं. आणि हा त्याच्या दुकानातला शब्द उचलून कोणाला दिला? टायर विकणाऱ्याला!

“नयनराव,” विठ्ठलराव म्हणाले, “तुमीच बनवून द्या ना याच्या लिंका. घरात मिस्त्री असून नागपूरले कायले जा लागते?”

“देतो ना मामाजी,” नयन म्हणाला. दात इतके घट्ट मिटलेले होते की शब्द बाहेर कसे पडले त्याचं त्यालाच ठाऊक.

परतताना मोटरसायकलवर मागून प्रेरणानं विचारलं, “तोंड काहून पाडून बसले?”

“कोनाचं तोंड? ऊन लागून राह्यलं.”

“ऊन लागलं का कूलर लागला?”

नयननं मोटरसायकलचा वेग वाढवला. बायकोला सगळं कळतं हे त्याला आवडत नसे, आणि आज तर मुळीच आवडलं नाही.

जफरभाईचं भंगारचं आवार बाजाराच्या मागे आहे. दोन दिवसांनी नयन तिथे गेला तेव्हा मनात अमरबद्दल नुसता धूर होता; पण पाईपांच्या ढिगाशी पोचला आणि धूर जरा खाली बसला. लोखंड निवडताना त्याला राग धरता येत नसे. हा त्याचा गुण म्हणा नाहीतर दोष म्हणा.

“किसके लिए होना, नयनभाऊ?” जफरभाईनं विचारलं.

“साडभाऊच्या जीपसाठी. दगडावर आपटन, लोळन, पन वाकला नाही पाह्यजे असा.”

जफरभाईनं एक पाईप पायानं पुढे सरकवला. नयननं पाहिलाही नाही. “हा मंडपवाल्याचा. याच्यावर कनात बांधा.” दुसरा उचलला. “हा नळाचा. वरून जस्त चढवलं हाये, वेल्डिंग करता करता धुरानंच मी आडवा होईन.” तिसरा चांगला जाडजूड होता, पण नयननं टोकातून बोट आत घातलं, फिरवलं, आणि एका जागी बोट थांबलं. “जोड हाये. हा गेटाले चालते. तसाही पुंडलिकरावचं गेट बनवाचं हाये, हा बाजूले ठेव, घेऊन जातो.”

मग जफरभाई हसला आणि ताडपत्रीखालून खरा माल काढला. एक बंद पडलेली जिनिंग त्यानं भंगारात घेतली होती. तिथे कापसाच्या गाठी दाबायचं प्रेस होतं, आणि त्या प्रेसला दाबाचं तेल नेणारे हे पाईप. वरून गंज, पण बाहेरून बरोबर अठ्ठेचाळीस एमएम. टोकाशी पाहिलं तर जाडी दोन सुतांहून, म्हणजे पाव इंचाहून, जास्तच. नयननं बोट आत घातलं. पूर्ण फिरवलं. कुठेच काही लागलं नाही. हातोडीनं टिचकी मारली तर पाईप देवळातल्या घंटेसारखा बराच वेळ वाजत राहिला.

“बिनजोड,” जफरभाई म्हणाला. “ऐसा माल अब आता नही.”

तो शब्द ऐकून नयनच्या कपाळावर पुन्हा आठी चढली. तरी त्यानं चारही लिंकांना पुरेल एवढा पाईप त्यातूनच मापून घेतला. वरच्या दोन लिंका थोड्या हलक्या चालल्या असत्या. खालच्या दोघींवरच खरा मार असतो. दगडावर गाडी टेकते ती त्यांच्यावर, जोर लावते ती त्यांच्यातून. पण नयन म्हणाला, चारही एकाच रक्ताच्या होऊ दे. सासऱ्याला एकदा दिसू दे, बिनजोड कशाला म्हणतात.

हे लक्षात ठेवा, तोवर त्याच्या मनात पाप नव्हतं.

चार दिवसांनी अमर जीप घेऊन दुकानात आला. तोवर लिंका तयार होत्या. दोन्ही टोकांना आटे पाडलेले जाड गट्टू, म्हणजे लोखंडाचे ठोकळे, ठोकून, वरून गोल वेल्डिंग. शिंपल्यांची रांग मांडावी तसं एकावर एक चढलेलं ते वेल्डिंग पाहून नयनलाच स्वतःच्या हाताचा मुका घ्यावासा वाटत होता. त्याची अपेक्षा फार नव्हती. साडूनं लिंक हातात घ्यावी, वजन पाहावं, आणि ‘मानलं बुवा’ म्हणावं. बस.

अमरनं खिशातून मोबाईल काढला, हात लांब केला, केस सारखे केले आणि सुरू झाला. “तं मित्रांनो, मी आता पांढरकवड्यात हाये. सस्पेन्शनचं सगळं डिझाईन आपलं सोताचं हाये. लिंका फक्त इथल्या एका लोकल वेल्डरकडून करून घेऊन राह्यलो.” मोबाईल क्षणभर नयनकडे वळला, त्याच्या काळ्या बनियनवरून फिरला आणि परत अमरच्या चष्म्यावर गेला.

लोकल वेल्डर! नाव नाही, गाव नाही, नातं नाही. साडभाऊ म्हणायला याच्या जिभेला काय काटे टोचत होते?

“पाईप बरा हाये ना?” अमरनं मोबाईलमधून डोकं न काढता विचारलं.

“बिनजोड हाये,” नयन म्हणाला.

“मंग मस्त. गाडी ठेवून जातो, उद्या दुपारी नेतो.” आणि लिंकेला हातही न लावता तो बस पकडायला निघून गेला.

नयननं हातमोजे काढून कोपऱ्यात भिरकावले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हा शर्यत जिंकणार. लोक खांद्यावर घेणार. मामाजी मिशीला पीळ भरणार, खुशी व्हिडिओ टाकणार आणि प्रेरणा तो आपल्यासमोर बसून पाहणार. आणि त्या सगळ्या विजयाखाली, धुळीत, आपल्या हातचं लोखंड गप्प राबणार. कोण विचारतंय त्याला? लोकल वेल्डर!

तेवढ्यात त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या गेटाच्या पाईपावर गेली. बाहेरून तोही अठ्ठेचाळीसच. आतून जाडी जेमतेम एक सूत, आणि पोटात जोड.

त्यानं तो कापला. गट्टू ठोकले, वेल्डिंग केलं, काळा रंग मारला. गंमत अशी की खोट्या लिंकेवरसुद्धा वेल्डिंग तसंच सुरेख उतरलं. माणूस खोटा झाला तरी हाताला खोटं जमेना. दोन्ही टोकं बंद झाली, आता आत बोट घालून पाहायला जागाच उरली नाही. खरी लिंक आणि खोटी लिंक त्यानं दोन हातांत धरली. एक जड, एक निम्म्यानं हलकी. पण एकदा जीपखाली बसवली की हातात कोण घेणार?

डावीकडची खालची लिंक त्यानं बदलली.

त्यानं स्वतःची समजूतही घातली. कोणी मरणार नाही. पहिल्या दगडांत गाडी आपटेल, लिंक वाकेल, गाडी तिथेच बसेल. पांढऱ्या बुटांचा चार लोकांत पोपट होईल. मग आपण गर्दीतून पुढे जायचं, पोत्यातून खरी लिंक काढायची आणि सगळ्यांसमोर अर्ध्या तासात गाडी उभी करायची. मामाजी पाहतील. मोबाईलवालेही पाहतील. तेव्हा कळेल बिनजोड कोण ते. हा बेत त्याला इतका आवडला की त्या दिवशी तो चक्क दोन भाकरी जास्त जेवला. प्रेरणाला वाटलं राग गेला.

शर्यतीच्या रविवारी खदानीवर जत्रा भरली होती. भोंगा ओरडत होता, रसवंतीच्या गाड्या लागल्या होत्या, निळ्या-पिवळ्या अठरा जीपा धूर सोडत उभ्या होत्या. घाटंजीहून विठ्ठलराव आणि विमलताई आले होते, अमरसोबत खुशी आली होती. विठ्ठलरावांनी कडक टोपी घातली होती, पट पाहायला निघाल्यासारखी. नयन पाठीला पोतं लावून आला. प्रेरणानं विचारलं, “पोत्यात काय हाये?” तो म्हणाला, “पाने हायेत, नट-बोल्टचे.”

मग तो मार्ग पाहायला कडेला गेला.

त्याच्या डोक्यात होतं की आधी सपाटीवरचे दगड असतील. इथे भलतंच होतं. सुरुवातीलाच खदानीच्या उतरत्या कडेवरून गाडी तिरपी न्यायची होती, डावं अंग खाली करून. त्या कडेवर मधोमध दोन मोठे दगड, आणि त्यांच्या खाली, तीन पुरुष खोल, खदानीत साचलेलं हिरवं पाणी. सगळा भार डाव्या चाकावर येणार. लिंक वाकली तर गाडी बसणार नव्हती. गाडी खाली जाणार होती.

‘एवढं काही होत नाही,’ त्यानं स्वतःला सांगितलं. ‘एक सूत म्हणजे काही कागद नाही.’ पण त्याचा स्वतःवरच विश्वास बसला नाही. जाऊन सांगावं का? काय सांगणार? आणि सांगितलं की पुन्हा तेच. अमर मोठा, आपण चोर. त्यानं अमरकडे पाहिलं. तो काळा चष्मा लावून दोन पोरींसोबत फोटो काढत होता. नयनचं मन परत कडू झालं. सांगतो, थोड्या वेळानं सांगतो, असं म्हणत तो बाभळीच्या सावलीत उभाच राहिला. पोत्याची दोरी त्याच्या खांद्यात रुतत होती.

तेवढ्यात जीपजवळ आरडाओरडा झाला. शर्यतीचा नियम असा की गाडीत दोन माणसं पाहिजेत. एक चालवणारा, दुसरा शेजारी बसून चाक कुठे पडतंय ते सांगणारा. अमरच्या शेजारी त्याचा मित्र कपिल बसायचा. चाचणीच्या फेरीत कपिलनं एक वळण चुकीचं सांगितलं, आणि अमरनं भोंग्यालाही ऐकू जाईल अशी त्याची आई-बहीण काढली. कपिलनं हेल्मेट काढून दगडावर आपटलं. “बस तूच एकटा, लेका! हा तिसरा मानूस पळून चालला तुह्याजवळून!” आणि तो तरातरा निघून गेला.

भोंगा म्हणाला, “गाडी नंबर सात, पाच मिनिटं. शेजारी मानूस नसन तं गाडी बाद.”

अमर इकडेतिकडे पाहू लागला. चष्मा काढल्यावर त्याचा चेहरा अगदीच पोरकट दिसत होता. आणि विठ्ठलराव काठी टेकत पुढे आले, बाभळीकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, “कायले पाहून राह्यले इकडेतिकडे? नयनराव हायेत ना! बसा हो नयनराव त्याच्या बाजूले. डावीकडे.”

डावीकडे. बरोबर त्याच लिंकेच्या वर.

प्रेरणानं हेल्मेट उचलून नयनच्या हातात दिलं. तिच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक त्यानं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं असेल. अमरनं शेजारची सीट हातानं झटकली. “या भाऊ.”

नयन जीपजवळ गेला. एक पाय पायरीवर ठेवला. आणि त्याचा दुसरा पाय जमिनीवरून उचलेचना.

“लिंक बदलावी लागन,” तो म्हणाला.

“कोनती?”

“डावीकडची खालची.”

“काहून? मागच्याच हप्त्यात तं बसवली.”

“तिच्यात जोड हाये.”

“तुमी तं बिनजोड म्हनलं होतं.”

“म्हनलं तवा होती.”

अमरला समजेना. तो जीपमधून उतरून त्याच्यासमोर उभा राहिला. “म्हंजे पाईप बदली झाला? चुकून?”

आता पाहा, देवानं किती सोपी वाट दिली होती. नुसतं ‘हाव’ म्हटलं असतं तर नयन सुटला होता. घाई होती, एकटा मिस्त्री, दोन पाईप शेजारी, होते चूक. कोणी बोट ठेवलं नसतं. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

“नाही,” नयन म्हणाला. “जानून बदलली म्या. तुही फजिती व्हावी म्हून.”

प्रेरणाचा हात तोंडावर गेला. खुशी रडायच्या बेतात आली. नयननं खाली बसून पोतं सोडलं, खरी लिंक काढली आणि जमिनीवर ठेवली. तिच्याकडे पाहून अमरच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

“म्हंजे हे संगं घेऊनच आले तुमी. मी अटकलो असतो, अन् मंग तुमी येऊन...”

“हाव.”

अमर मारेल असं सगळ्यांना वाटलं. नयनलाही वाटलं, आणि त्यानं मारावं असंही वाटलं. पण अमरनं हात उचलला नाही. त्यानं खदानीच्या कडेकडे पाहिलं, खालच्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, “भाऊ, मामाजीनं तुमाले बसाले सांगतलं नसतं, तं तुमी बोलले असते का?”

बाभळीखाली उभं राहून नयन स्वतःला हेच विचारत होता. खोटं बोलायची आता ताकद नव्हती आणि खरं त्याला ठाऊक नव्हतं.

“मालूम नाही,” तो म्हणाला.

हे उत्तर अमरला शिवीपेक्षा जास्त लागलं. तो जीपच्या टायरवर जाऊन बसला. मग नयनच्या तोंडून इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं, सासऱ्याकडे बघूनच. “तुमी याले बिनजोड म्हनलं मामाजी. चार लोकांत. वीस वर्ष झाले मी लोखंड घासून राह्यलो, मले कधी म्हनलं का?”

विठ्ठलराव त्याच्याकडे बघतच राहिले. “याले म्हनलं? बह्याड झाले का तुमी? म्या दोघांले म्हनलं होतं.”

“दोघांले?”

“आमचे जावई, म्हनलं. जावई किती हायेत मले? अन् ते काय गुन गायाले म्हनलं होतं का?” म्हाताऱ्यानं काठी आपटली. “माह्यापाशी होता ना एक बिनजोड बैल. ताकद गंज, चार बैलांएवढी! पन शेजारी कोनताबी बैल जुपा, हा त्याले ढुशी मारे. जोडच भेटली नाही त्याले जन्मभर. पटाले एकट्या बैलाचं काय काम हाये? दावणीले उभा राहूनच म्हतारा झाला थो. तुमी दोघं तसेच. याच्या बाजूले कोनी बसत नाही, तुमच्या हाताखाली कोनी टिकत नाही. म्हून तं याले लिंका घ्याले तुमच्याकडे धाडलं म्या. म्हनलं, दोन बिनजोड एका जुवाले लावून पाहाव. तं तुमी हे केलं!”

खदानीत भोंग्यानं पुन्हा गाडी नंबर सात पुकारली. नयनला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. ज्या शब्दासाठी तो पंधरा दिवस आतून करपला, तो शब्द त्याचाच होता. निम्मा त्याचा, निम्मा अमरचा, आणि तो मान नव्हताच.

तो जीपखाली शिरला. बोल्ट घट्ट होते. “सत्तावीसचा पाना दे,” तो सवयीनं म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की पाना देणारं कोणी नाही. थोड्या वेळानं एक पांढरा बूट जीपशेजारी आला, आणि सत्तावीसचा पाना त्याच्या हातावर जरा जोरानंच आदळला. गाडी नंबर सात सगळ्यांत शेवटी टाकायला भोंगेवाल्याला अमरनंच कसंबसं पटवलं होतं.

जुनी लिंक निघाली. अमरनं दोन्ही लिंका दोन हातांत घेतल्या, पहिल्यांदाच. वजन पाहिलं. हलकी लिंक त्यानं गाडीच्या मागे फेकली, आणि जड लिंकेच्या बंद टोकावर अंगठा फिरवत तो म्हणाला, “हिच्यात जोड नाही हे कशावरून? दोन्हीकून तं बंद हाये.”

“मी बसून राह्यलो ना वर,” नयन म्हणाला.

अमरनं लिंक परत त्याच्या हातात दिली.

शेवटची गाडी म्हणून सात नंबर उभी राहिली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भोंगेवाला वही घेऊन आला. “शेजारचा मानूस बदलला ना? नाव काय लिहू?”

अमरनं चष्मा लावला. समोर पाहत, एकेक शब्द तोलून तो म्हणाला, “लिहा, नयन डंभारे. साडभाऊ हायेत माहे. गाडीच्या लिंका यायनंच बनवल्या. चार खऱ्या, एक खोटी.”

भोंगेवाला हसला. त्याला ती थट्टा वाटली. नयन हसला नाही. त्यानं पट्टा ओढून बांधला, हेल्मेट घातलं. गाडी निघाली, तिरपी झाली, आणि खाली हिरवं पाणी दिसू लागलं. पहिल्या दगडावर डावं चाक चढलं तसे नयनचे दोन्ही पाय आपोआप पोटाशी आले. ती लिंक त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती, तिच्यात जोड नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरीही.

“उजवीकडे घे,” तो ओरडला. “जरासं, जरासं उजवीकडे.”

अमरनं घेतलं.